त्याला का विचारत नाहीत?



बलात्काराच्या किंवा छळाच्या खटल्यात बाईच्या सोबतीला न्यायालयात बसणाऱ्या प्रत्येक कार्यकर्तीला एक प्रश्न हमखास ऐकावा लागतो. दोन-तीन तारखांना पिंजऱ्यात उभं राहून, ‘ओरडली का नाहीस’, ‘दुसऱ्या दिवशी कामावर कशी गेलीस’, ‘आधी कुणाला सांगितलंस आणि का नाही सांगितलंस’ या सगळ्याची उत्तरं बाईने दिलेली असतात. मग ती विचारते, “ताई, मला एवढं विचारलं. आता त्याला कधी विचारणार?” आपण तिला सांगतो की त्याला असं विचारत नाहीत. सरकारी वकील त्याची उलटतपासणी घेत नाहीत. त्याची इच्छा असेल तरच तो शपथेवर बोलेल, नाही तर नाही. हे ऐकून तिचा चेहरा पडतो, आणि आपल्यालाही पुढे काय बोलावं ते सुचत नाही.

या संतापातून आपल्या बैठकांमध्ये अधूनमधून एक मागणी पुढे येते : आरोपीलाही सक्तीने पिंजऱ्यात उभं करा, सरकारी वकिलाला त्याची उलटतपासणी घेऊ द्या, तो गप्प बसला तर तोच पुरावा धरा. मागणीमागचा संताप माझाही आहे. मागणी मात्र मला पटत नाही. का पटत नाही आणि तिच्याऐवजी आपण काय मागायला हवं, हे या अंकात नीट मांडायचं ठरवलं आहे. हा प्रश्न फक्त वकिलांचा नाही. ज्या बाईला आपण ‘तक्रार कर, आम्ही आहोत’ असं सांगतो, तिला द्यायच्या उत्तराचा आहे.

आधी कायदा काय म्हणतो ते पाहू. राज्यघटनेच्या कलम २० (३) नुसार कोणत्याही आरोपीला स्वतःविरुद्ध साक्षीदार होण्याची सक्ती करता येत नाही. सरकार पक्षाचे साक्षीदार संपले की न्यायाधीश स्वतः आरोपीला प्रश्न विचारतात. यालाच आपण न्यायालयात ‘तीनशे तेराचा जबाब’ म्हणतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ते कलम ३५१ झालं आहे. या जबाबाला शपथ नसते. आरोपीने उत्तर नाकारलं किंवा खोटं दिलं, तरी त्यासाठी शिक्षा नाही. सरकारी वकिलाला उलट प्रश्न विचारता येत नाहीत. दिलेली उत्तरं मात्र न्यायालय विचारात घेऊ शकतं, त्याच्या बाजूनेही आणि विरुद्धही.

आरोपीला स्वतःच्या बचावासाठी शपथेवर साक्ष देता येते. ही मुभा आपल्याकडे १९५५ च्या दुरुस्तीने आली. त्याआधी ती नव्हती. पण त्यासाठी त्याने स्वतः लेखी मागणी करावी लागते. त्याने साक्ष दिली, तर इतर साक्षीदारांसारखी त्याचीही उलटतपासणी होते. नाही दिली, तर ‘हा पिंजऱ्यात का आला नाही’ असं सरकारी वकिलाने म्हणायचं नाही आणि न्यायाधीशांनीही त्यावरून निष्कर्ष काढायचा नाही. जुन्या संहितेचं कलम ३१५ आणि नव्या संहितेचं ३५३ हेच सांगतं. शिवाय आरोपीचं पूर्वीचं वाईट चारित्र्य पुराव्यात येत नाही. त्याने स्वतःच आपल्या चांगल्या चारित्र्याचा दाखला दिला, तरच ते दार उघडतं. १८७२ च्या पुरावा कायद्याच्या कलम ५४ मध्ये हे होतं, आज भारतीय साक्ष्य अधिनियमात कलम ४९ मध्ये आहे.

आता याच पुरावा कायद्याचं आणखी एक कलम आठवा. कलम १५५ (४). पुरुषावर बलात्काराचा खटला असेल, तर फिर्यादी बाई सर्वसाधारणपणे अनैतिक चारित्र्याची आहे असं दाखवण्याची मुभा त्यात होती. म्हणजे एकाच कायद्याने आरोपीचं चारित्र्य झाकून ठेवलं आणि जिच्यावर अत्याचार झाला तिचं चारित्र्य भर न्यायालयात उघडं टाकलं. १८७२ पासून २००२ च्या अखेरीपर्यंत, म्हणजे एकशेतीस वर्षं हे असंच चाललं.

या कलमाची किंमत महाराष्ट्रातल्या बायकांनी मोजली आहे. १९७२ साली तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यात, देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर पोलिसांनी बलात्कार केल्याचा तो खटला आपल्यापैकी कुणालाच परका नाही. सत्र न्यायालयाने मुलीलाच खोटं ठरवलं आणि तिच्या पूर्वीच्या शरीरसंबंधांचा आधार घेतला. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने १९७६ साली आरोपींना शिक्षा दिली. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली ती रद्द केली. मग १९७९ साली उपेंद्र बक्षी, वसुधा धगमवार, रघुनाथ केळकर आणि लोतिका सरकार यांनी सरन्यायाधीशांना उघडं पत्र लिहिलं आणि देशभर बायका रस्त्यावर आल्या. १९८३ ची कायदादुरुस्ती त्यातूनच झाली. कोठडीतल्या बलात्कारात संमती नव्हती असं गृहीत धरण्याची तरतूद आली, खटला बंद दाराआड चालवण्याची तरतूद आली. पण विधी आयोगाने १९८० च्या अहवालात चारित्र्याच्या प्रश्नांबाबत सुचवलेला बदल मात्र संसदेने तेव्हा केला नाही. तो यायला आणखी वीस वर्षं जावी लागली.

आज कायदा काय म्हणतो? बलात्काराच्या खटल्यात संमतीचा मुद्दा असेल, तर बाईचं चारित्र्य किंवा तिचे कुणाशीही असलेले पूर्वीचे शरीरसंबंध यावर उलटतपासणीत प्रश्न विचारता येत नाहीत. २०१३ च्या दुरुस्तीने हे स्पष्ट झालं. ‘दोन बोटांची चाचणी’ बाईच्या प्रतिष्ठेचा भंग करते, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली सांगितलं, आणि २०२२ साली ती करणाऱ्याला गैरवर्तनाबद्दल जबाबदार धरलं जाईल असंही बजावलं. बचावाचा वकील बाईला छळत असताना न्यायाधीशांनी मूक प्रेक्षक होऊन बसू नये, हे गुरमित सिंग खटल्यात १९९६ सालीच सांगून झालं आहे. ‘साक्षी’ संस्थेच्या याचिकेवर २००४ साली पडद्याची सोय आली आणि आरोपीच्या बाजूने विचारायचे घटनेबाबतचे प्रश्न लेखी देऊन न्यायाधीशांमार्फत विचारण्याची पद्धत आली. पॉक्सो कायद्यात (२०१२) तर मुलाला थेट प्रश्न विचारताच येत नाहीत. ते विशेष न्यायालयामार्फतच जातात. २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने असंही सांगितलं की उलटतपासणी आदराने व्हावी आणि शक्यतो एकाच बैठकीत संपवावी.

म्हणजे कागदावर बाईलाही आता ढाल मिळाली आहे. प्रत्यक्षात काय होतं, ते तुम्ही-आम्ही पाहतो. प्रश्न विचारून होतो, बाई कोसळते, मग कुणीतरी हरकत घेतं आणि न्यायाधीश म्हणतात, ‘प्रश्न नामंजूर’. कागदावर प्रश्न येत नाही, पण बाईच्या कानात तो राहतोच. थेट चारित्र्यावर विचारता येत नाही म्हणून मोबाईलवरचे निरोप, कपडे, रात्रीची वेळ, घरमालकाशी झालेलं भांडण असं आडवळणाने तेच विचारलं जातं. आपला खरा झगडा इथे आहे.

मग याचा उपाय म्हणून ‘त्याचीही ढाल काढून घ्या’ असं म्हणायला काय हरकत आहे? मला तीन हरकती दिसतात.

पहिली हरकत अशी, की आरोपीच्या पिंजऱ्यात फक्त पुरुष उभे नसतात. आपल्या केंद्रांवर येणाऱ्या बायका आठवा. वर्षानुवर्षं मार खाऊन एके रात्री हात उचललेली बाई. नवजात बाळाच्या मृत्यूचा आळ आलेली कुमारी माता. चोरीच्या संशयावरून पालावरून उचलून आणलेली पारधी बाई. मोर्चात पकडलेली कार्यकर्ती. यांची सक्तीने उलटतपासणी झाली, तर काय विचारलं जाईल? तेच, जे फिर्यादी बाईला विचारतात. तू कुणाबरोबर होतीस, नवऱ्याचं ऐकत का नव्हतीस, तुझ्याकडे कोण येत-जात होतं. जिला गोंडी किंवा कोरकूच नीट बोलता येते, ती मुरलेल्या वकिलासमोर किती वेळ टिकेल? आणि घाबरून गप्प राहिली, तर ते गप्प राहणंच गुन्ह्याचा पुरावा ठरेल. गप्प बसण्याची सवय बाईला समाजाने लावली आहे. त्यावरून तिला दोषी ठरवणारा कायदा आपण मागायचा का?

हा नुसता तर्क नाही. पोलिसांसमोर गप्प राहण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने ठळकपणे मांडला, तो १९७८ साली एका बाईच्या खटल्यात. ओडिशाच्या माजी मुख्यमंत्री नंदिनी सत्पथी यांना कटकच्या दक्षता पोलीस ठाण्यात बोलावलं गेलं. स्वतःला अडकवतील अशा प्रश्नांना उत्तर द्यायला त्यांनी नकार दिला, म्हणून त्यांच्यावर खटला भरला गेला. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांच्या त्या निकालाने आरोपीचा हा हक्क केवळ न्यायालयापुरता नसून पोलीस चौकशीतही आहे असं सांगितलं. बाईला चौकशीसाठी ठाण्यात बोलावण्याबद्दल पोलिसांना खडसावलं तेही याच निकालाने. संमतीशिवाय नार्को चाचणी करता येणार नाही, असं सांगणारा २०१० चा निकालही सेल्वी या बाईच्या नावाने ओळखला जातो. एका माजी मुख्यमंत्री बाईला जो हक्क मिळवायला सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं, तो पालावरच्या बाईकडून आपणच काढून घ्यायचा नाही.

दुसरी हरकत. सक्तीचा जबाब फक्त न्यायालयात थांबत नाही. बोलायला लावण्याची मुभा एकदा मिळाली, की ती खाली ठाण्यापर्यंत पाझरते. पोलिसांपुढचा कबुलीजबाब आपल्याकडे पुरावा म्हणून चालत नाही, तो उगाच नाही. तो चालला असता, तर तपास करण्यापेक्षा मारून वदवून घेणंच सोपं झालं असतं. कोठडीतल्या अत्याचाराविरुद्धच आपल्या चळवळीने पहिला मोठा आवाज उठवला. तिने हे विसरून कसं चालेल?

तिसरी हरकत जरा वेगळी आहे. ‘जशास तसं’ हा मार्ग इंग्लंडने करून पाहिला आहे. तिथल्या १८९८ च्या कायद्याने आरोपीला साक्ष देण्याची मुभा दिली आणि त्याच्या पूर्वचारित्र्यावर प्रश्न विचारायला बंदी घातली. पण त्याने सरकार पक्षाच्या साक्षीदारांच्या चारित्र्यावर चिखल उडवला, तर ही बंदी उठत असे. ऐकायला हे न्यायाचं वाटतं. पण यात बाईवर उडणारा चिखल थांबत नाही, त्याची फक्त किंमत ठरते. ज्याच्या मागे काही नोंद नाही, असा सुस्थितीतला प्रतिष्ठित माणूस तिच्यावर खुशाल चिखल उडवेल, त्याला गमावण्यासारखं काही नाही. ज्याच्या नावावर ठाण्याने आधीच चार खोटेनाटे गुन्हे चढवले आहेत, तो मात्र मार खाईल. याच इंग्लंडमध्ये १९९९ च्या कायद्याने एक चांगली गोष्ट केली. लैंगिक गुन्ह्यातल्या आरोपीला फिर्यादी बाईची उलटतपासणी स्वतः घ्यायला मनाई केली. घ्यायचाच असेल तर हा धडा घेऊ या.

मग आरोपी कायमचा सुरक्षित का? नाही. त्याच्या ढालीला कडा आहेत आणि त्या आपल्याला माहीत असायला हव्यात.

तोंड उघडण्याची सक्ती नाही, पण शरीर पुरावा देऊ शकतं. बोटांचे ठसे आणि हस्ताक्षराचे नमुने घेणं म्हणजे स्वतःविरुद्ध साक्ष देणं नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयाच्या अकरा न्यायमूर्तींनी १९६१ साली ठरवलं. बलात्काराच्या आरोपीची वैद्यकीय तपासणी आणि डीएनएसाठी नमुने घेण्याची स्पष्ट तरतूद २००५ च्या दुरुस्तीने आली.

घराच्या चार भिंतींआड बाई मेली, तर आत असलेल्या माणसांनी खुलासा द्यायचा असतो. महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की अशा वेळी सगळा भार सरकार पक्षावर आहे असं म्हणून गप्प बसून सुटता येणार नाही. मूळ परिस्थिती सरकार पक्षाने सिद्ध करायची, पण त्यानंतरही खुलासा नसेल किंवा खोटा असेल, तर तो पुराव्याच्या साखळीतला आणखी एक दुवा ठरतो. हुंडाबळीच्या गुन्ह्यात तर कायद्याने गृहीतकच ठेवलं आहे, ते खोडून काढण्याची जबाबदारी आरोपीवर येते. म्हणजे बोलण्याची सक्ती नाही, पण गप्प राहणं फुकटही नाही.

आणि आता या लेखातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट. तो तीनशे तेराचा जबाब. आपण सगळ्याजणी बाईच्या साक्षीच्या दिवशी न्यायालयात गर्दी करतो. निकालाच्या दिवशी जातो. आरोपीच्या जबाबाच्या दिवशी सहसा कुणी जात नाही. कारकुनी काम वाटतं. टंकलेला कागद, त्याच त्या प्रश्नांना ‘खोटं आहे’, ‘माहीत नाही’ अशी उत्तरं, खाली सही. पण खटले इथे हरतात. १९८२ साली पुण्यात झालेल्या एका तरुण विवाहितेच्या मृत्यूचा खटला आठवा. खालच्या न्यायालयाने आणि उच्च न्यायालयाने नवऱ्याला दोषी धरलं, १९८४ साली सर्वोच्च न्यायालयाने सोडलं. सुटकेची इतरही कारणं होती, पण त्या निकालाने एक नियम पक्का केला : जी परिस्थिती आरोपीसमोर प्रश्न म्हणून ठेवली नाही, ती त्याच्याविरुद्ध वापरता येत नाही. ती पूर्ण बाजूला ठेवायची.

नियम योग्यच आहे. ज्याचा खुलासा मागितला नाही, त्यावरून कुणाला शिक्षा कशी द्यायची? पण याचा दुसरा अर्थ असा, की न्यायालयाने प्रश्न नीट विचारले नाहीत, तर आईने सांगितलेली, शेजारणीने धाडस करून सांगितलेली गोष्ट वाया जाऊ शकते. २०२१ साली सतबीर सिंग खटल्यात, जो हुंडाबळीचाच होता, सर्वोच्च न्यायालयाने यावर चिंता व्यक्त केली. हा जबाब उरकून टाकण्याचा सोपस्कार नाही, प्रत्येक गोष्ट आरोपीपुढे ठेवून त्याला खुलाशाची खरी संधी द्यायला हवी, असं बजावलं.

म्हणजे ‘त्याला का विचारत नाहीत’ याचं खरं उत्तर असं आहे : त्याला विचारण्याची जागा आहे, ती वाया घालवली जाते. २००९ च्या दुरुस्तीनंतर प्रश्न तयार करताना न्यायाधीश सरकारी वकिलाची आणि बचावाच्या वकिलाची मदत घेऊ शकतात. याच वर्षी पीडितेला सरकार पक्षाच्या मदतीसाठी स्वतःचा वकील नेमण्याची मुभाही मिळाली. हा वकील साक्षीदारांना प्रश्न विचारू शकत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली स्पष्ट केलं आहे. पण तो सरकारी वकिलाला लेखी टिपण देऊ शकतो. तेवढं पुरेसं आहे, जर आपण ते केलं तर.

म्हणून आपल्या गटांनी पुढची कामं अंगवळणी पाडून घ्यावीत. साक्षींच्या नकला मिळवून आरोपीविरुद्ध आलेल्या प्रत्येक गोष्टीची वेगळी नोंद करा : वेळ, जखम, चिठ्ठी, फोन, शेजाऱ्याने ऐकलेलं भांडण. जबाबाच्या तारखेआधी ती यादी वकिलामार्फत सरकारी वकिलाला द्या. एका प्रश्नात पाच गोष्टी कोंबू देऊ नका. आरोपीला कळेल अशा भाषेत प्रश्न हवा, हे आपणच सांगा. कारण उद्या आरोपी आपली बाई असेल, तेव्हाही आपल्याला हेच हवं असणार. त्या दिवशी न्यायालयात हजर राहा. काही राहून गेलं, तर तिथल्या तिथे सांगा. सत्र न्यायालयात दुरुस्त होणारी चूक अपिलात वीस वर्षांनी दुरुस्त होईलच असं नाही.

आणि बाईच्या साक्षीच्या आधी बंद दार, पडदा आणि उलटतपासणी शक्यतो एकाच बैठकीत संपवणं, या तिन्ही गोष्टींचा अर्ज लेखी द्या. प्रश्न विचारून झाल्यावर हरकत घेण्यापेक्षा, चारित्र्यावर प्रश्न येणार नाहीत हे न्यायालयाकडून आधीच बजावून घ्या.

ज्या बाईला नवऱ्याला समोरासमोर प्रश्न विचारले गेलेले हवे आहेत, तिला दुसरे मार्गही सांगा. घटनेचं ते संरक्षण गुन्ह्याच्या आरोपासाठी आहे. पोटगीच्या दाव्यात, घटस्फोटात, कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालच्या अर्जात नवऱ्याने शपथेवर काही सांगितलं, की त्याची उलटतपासणी घेता येते. दिवाणी दाव्यातला पक्षकार पिंजऱ्यात आलाच नाही, तर न्यायालय त्याच्याविरुद्ध निष्कर्षही काढू शकतं.

मागणी करायचीच असेल, तर ती अशी करू या. त्याची ढाल राहू दे. तिच्या हातातली कागदी ढाल खरी करा. चारित्र्यावरचा प्रश्न विचारला गेल्यावर नव्हे, विचारण्याआधी अडवा. आणि तीनशे तेराचा जबाब न्यायाधीशांनी स्वतः, वेळ देऊन घ्यावा. गप्प राहण्याचा हक्क त्याचा आहे. प्रश्न ऐकवण्याचं कर्तव्य न्यायालयाचं आहे. ते पार पडतं की नाही हे पाहायला आपण तिथे बसायला हवं.

तुमच्या गटाने एखाद्या खटल्यात अशी यादी देऊन पाहिली असेल, तर तो अनुभव नावं-गावं न देता लिहून पाठवा. पुढच्या अंकात तो छापू, म्हणजे दुसऱ्या तालुक्यातल्या मैत्रिणीला सगळं पहिल्यापासून शोधावं लागणार नाही.